सोलरचा वर्ग चालवताय? सोलापुरात या चुका टाळा

आयटीआयला किंवा अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाला हरित ऊर्जेचा विषय आला की खरेदी ठरलेली: एक पॅनल, एक बॅटरी, एक एलईडी दिवा. उद्घाटनाला फोटो होतात आणि पुढे वर्षभर ‘हरित ऊर्जेचे फायदे’ वहीत उतरतात. फायदे पाठ असलेल्या पोराला कामावर कुणी ठेवत नाही.

टेबलावरचं पॅनल आणि छतावरची स्ट्रिंग

टेबलावरच्या एका पॅनलवर शिकवून पोराला छतावरच्या स्ट्रिंगवर, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलच्या रांगेवर पाठवणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. आजकालची 550 वॉटची दहा पॅनल सिरीजमध्ये जोडली की ओपन सर्किट व्होल्टेज (लोड न जोडता मोजलेलं) 500 च्या घरात जातं, तेही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारं. आपल्याकडचा एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसीला ती सवलत नाही. चालू लोडवर एमसीफोर कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारा) ओढला की आर्क, म्हणजे ठिणगीचा लोळ, पेटता राहतो, कनेक्टर वितळतो, हात भाजतो. घरातली एसी एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) डीसी बाजूला बसवणारे महाभागही याच अज्ञानातून तयार होतात.

म्हणून क्रम हाताला बसवून घ्या: आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडचा प्रवाह तोडणारा स्विच) बंद, क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) प्रवाह शून्य दिसला की मगच कनेक्टरला हात. एकाच पॅनलवर हा सराव सुरक्षितपणे होतो. मल्टिमीटरची लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात विसरून त्याच मीटरने व्होल्टेज मोजायला जाणारा विद्यार्थी प्रत्येक बॅचमध्ये निघतोच. त्या जोडणीत मीटर म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट. प्रोब टेकवण्याआधी पिन कुठे आहे ते मोठ्याने म्हणायला लावा.

‘सर, पॅनल खराब आहे’

एप्रिलच्या दुपारी 550 वॉटच्या पॅनलवर 470 वॉट दिसले की पोरं पॅनलला दोष देतात. छापील आकडा सेल 25 अंशांवर असतानाचा असतो. सोलापूरच्या उन्हात सेल 65 अंशांपर्यंत सहज तापतो. दर अंशाला 0.35 टक्के घट धरली तर 40 अंशांना 14 टक्के, म्हणजे उरले 473. हे गणित फळ्यावर सोडवू नका, गच्चीवर न्या. इतकी तयार प्रयोगशाळा पुण्याच्या कॉलेजांनाही नाही. मात्र तापलेल्या काचेवर गार पाणी मारू देऊ नका, तडा जाऊ शकतो. धुवायचं ते सकाळी, आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग वाळण्याआधी पुसून घ्यायचे.

सौर कृषी पंपाचंही तसंच. कंट्रोलर ‘ड्राय रन’ (पंप पाण्याविना चालतोय) दाखवतो आणि पोरगं पॅनलच्या वायरी उपसत बसतं. मंगळवेढा-सांगोल्यासारख्या दुष्काळी भागात आधी बोअरला पाणी आहे का ते विचारावं.

छतावर कोण चढणार?

यंत्रमागाच्या अनेक शेडवर सिमेंटचे पत्रे असतात. वरून भक्कम दिसतात, पाय पडला की फुटतात. फळ्या टाकल्याशिवाय आणि फुल बॉडी हार्नेस बांधल्याशिवाय प्रशिक्षकानेही वर जाऊ नये. बारावीची पोरं 16-17 वर्षांची. धोकादायक उद्योगांतल्या व्यवसायांसाठी शिकाऊ उमेदवाराचं किमान वय 18 आहे. कंत्राटदार ‘द्या की दोन पोरं’ म्हणाला तरी नाही म्हणा. जमिनीवर पत्र्याचा उतार उभारून स्ट्रक्चर बसवता येतं.

ग्राहकाशी बोलणं शिकवलंच नाही

‘लाइट गेली की तुमचं सोलर पण बंद, मग पैसे कशाला घेतले?’ ही तक्रार हमखास येते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ग्रिड (महावितरणची वीज) गेल्यावर त्याला जोडलेला ऑनग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी आणि तसा वेगळा इन्व्हर्टर लागतो. हे विक्रीच्या आधी, दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. सोलापूरच्या तेलुगू भाषिक पूर्व भागातला विद्यार्थी तेच कारखानदाराला तेलुगूत सांगू शकतो. त्याची ही बाजू कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नाही.

सोलर म्हणजेच सगळं नव्हे

जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणारे कोजन, म्हणजे वाफ आणि वीज एकत्र बनवणारे प्रकल्प आहेत. तिथे बॉयलर, टर्बाइन, इन्स्ट्रुमेंटेशनची माणसं लागतात. सहल मात्र डिसेंबरात काढली जाते, चिमणीसमोर फोटो होतो, साखर खाऊन पोरं परत. शिकण्यासारखं काम गाळप संपल्यावर निघतं, कारण तेव्हाच यंत्रं दुरुस्तीला उघडतात. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या परीक्षा आणि सुट्ट्या. तेव्हा कारखान्याच्या चीफ इंजिनिअरला दिवाळीतच भेटून मे महिन्याचे पंधरा दिवस मागून ठेवा.