पिकअप ट्रकमध्ये सीबी आणि जीएमआरएस रेडिओ कसे बसवायचे: अँटेना, वायरिंग, ट्यूनिंग सगळं

आमची चार घरं दर उन्हाळ्यात डेन्व्हरहून ब्राइस कॅन्यनकडे निघतात, चार गाड्या, सात-आठ पोरं. आय-७० वर युटामध्ये ग्रीन रिव्हर सोडलं की सलायनापर्यंत जवळपास ११० मैल एकही गॅस स्टेशन नाही, फोनलाही भरवसा नाही. तीन वर्षांपूर्वी तिथेच शेवटच्या गाडीचा टायर बसला आणि पुढच्या तिघांना ते तीस मैलांनंतर कळलं. गाडीत दोन लहान मुलं होती आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्या दिवशी ठरवलं की आता गाडीतून गाडीत बोलता येणारा रेडिओ बसवायचाच. असे दोन प्रकार आहेत, सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, आणि जीएमआरएस म्हणजे जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस. माझी गाडी फोर्डची एफ-१५० आहे पण यातलं बहुतेक कुठल्याही पिकअपला लागू पडतं. ही माहिती अमेरिकेतली आहे, भारतात नियम वेगळे आहेत आणि जीएमआरएस नावाची सेवाच तिथे नाही, तर सुट्टीला जाताना हे रेडिओ बॅगेत टाकू नका.

आधी कुठला रेडिओ घ्यायचा ते. सीबीला लायसन्स लागत नाही, २७ मेगाहर्ट्झवर ४० चॅनेल, एएमवर ४ वॉट. हायवेवरचे ट्रकवाले १९ नंबरवर असतात, ९ नंबर इमर्जन्सीसाठी. पुढे ॲक्सिडेंट झालाय, कुठली लेन बंद आहे, हे सीबीवर आधी कळतं. पण आपापल्या गाड्यांमध्ये बोलायला जीएमआरएस कितीतरी चांगला, आवाज स्वच्छ, खरखर नाही, आणि गाडीतल्या सेटला १५ ते २२ या चॅनेलवर ५० वॉटपर्यंत परवानगी आहे. शिवाय पोरांकडे जे स्वस्तातले एफआरएस वॉकीटॉकी असतात ते त्याच २२ चॅनेलवर चालतात, म्हणजे ट्रेलवर चालायला गेलेल्या मुलांशी गाडीतून बोलता येतं. मी दोन्ही बसवले. एकच घ्यायचा असेल तर जीएमआरएस घ्या.

जीएमआरएसचं लायसन्स एफसीसीच्या, म्हणजे रेडिओचे नियम बघणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याच्या साइटवर मिळतं, ३५ डॉलर, १० वर्षांसाठी, परीक्षा नाही, आणि एका लायसन्सवर नवरा-बायको, मुलं, आईवडील सगळे बोलू शकतात. आपल्या लोकांना वाटतं की सिटिझन असावं लागतं, तसं काही नाही, १८ वर्षं पूर्ण हवीत आणि तुम्ही परदेशी सरकारचे प्रतिनिधी नसावेत एवढंच. बोलणं मराठीत चालतं, फक्त कॉल साइन, म्हणजे लायसन्सवरची तुमची ओळख, इंग्लिशमध्ये सांगायची, बोलणं संपताना आणि लांबलं तर दर १५ मिनिटांनी.

आता मुख्य गोष्ट, अँटेना. लोक रेडिओवर तीनशे डॉलर घालतात आणि अँटेना मिळेल ती, मिळेल तिथे लावतात, हे अगदी उलटं आहे, कारण खराब जागेवरच्या अँटेनाने ५० वॉटचा रेडिओ ५ वॉटच्या बरोबरीला येतो. सीबीची लहर ११ मीटर लांब, तिचा पाव भाग म्हणजे पावणेतीन मीटर, एवढी काठी गाडीवर कोण लावणार, म्हणून चार फुटी फायबरची अँटेना घेतात ज्यात वायर गुंडाळून लांबी भरून काढलेली असते. जीएमआरएसचा पाव भाग मात्र फक्त १६ सेंटीमीटर. दोन्हीला खाली पत्रा लागतो, अँटेनाचा अर्धा भाग म्हणजे तो पत्राच असतो असं समजा. म्हणून जीएमआरएससाठी छताचा मध्य सगळ्यात उत्तम.

पण एफ-१५० ची बॉडी २०१५ पासून ॲल्युमिनियमची आहे! मी चुंबकवाली अँटेना आणली, छतावर ठेवली, हात काढला आणि ती सरळ घसरून काचेवर आली. तुमची गाडी स्टीलची असेल तर चुंबकच लावा, काही हरकत नाही, फक्त खालची धूळ पुसून घ्या नाहीतर रंगावर ओरखडे पडतात. माझ्यासारखी ॲल्युमिनियमची असेल तर दोनच रस्ते, बॉनेटच्या कडेला अँटेना धरणारी धातूची पट्टी बसवायची किंवा छताला भोक पाडायचं.

मी सीबी पट्टीवर लावला आणि जीएमआरएससाठी छताला भोक पाडलं. बायकोने दोनदा विचारलं की नक्की ना. गाडी लीजवर असेल तर अर्थात हा विचार सोडा, तिथे जीएमआरएसही पट्टीवर लावा पण अर्ध्या लहरीची, पत्र्याशिवाय चालणारी अँटेना घ्या. भोक पाडायचं तर आधी आतलं छताचं कापड मागच्या बाजूने खाली घ्या, वर हात घालून आडव्या पट्ट्या आणि दिव्याची वायर कुठे आहे ते चाचपा. जागा ठरली की बाहेरून मास्किंग टेप लावून खूण करा, पाऊण इंचाचा म्हणजे १९ मिलिमीटरचा होल सॉ घ्या, ज्याला पुढे कड असते तो, म्हणजे तो पत्र्यातून पार होऊन आतलं कापड फाडत नाही. मशीन हळू फिरवा, जोर लावू नका. भोक पडल्यावर कड कानसने साफ करा, चुरा व्हॅक्युमने ओढा, आणि एनएमओ माउंट, म्हणजे अँटेना ज्यावर फिरवून बसते तो तळ, खालून वर घाला. त्याची रिंग आतून उघड्या पत्र्याला घट्ट बसली पाहिजे, आणि वरची रबरी रिंग विसरलात तर पहिल्या पावसात पाणी थेट डोक्यावर.

केबल दाराशेजारच्या खांबातून खाली आणताना एक गोष्ट जिवाची आहे. खिडक्यांच्या वरच्या कडेला आणि खांबात पडद्यासारखे एअरबॅग असतात, केबल त्यांच्या मागून न्या, पुढून कधीही नाही, आणि एअरबॅगला बांधू तर मुळीच नका. कुठे काय आहे ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून मगच हात घाला. केबलच्या जातीकडेही लक्ष द्या. साधी आरजी-५८ सीबीला ठीक, पण जीएमआरएसच्या ४६२ मेगाहर्ट्झवर पाच मीटरमध्येच जवळजवळ तिसरा हिस्सा पॉवर खाते, तिथे एलएमआर-२४० घ्या.

आता वायरिंग. सीबी सिगरेट लायटरवर चालतो, त्याला दोन अँपिअरही लागत नाहीत. ५० वॉटचा जीएमआरएस बोलताना १० ते १५ अँपिअर ओढतो, तो थेट बॅटरीवरूनच घ्या. लाल वायरला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच, रेडिओसोबत जेवढ्याचा येतो तेवढ्याचाच, कारण पुढे कुठे वायर घासली तर फ्यूज नसेल तेव्हा आग लागते. वायर १० किंवा १२ गेजची, आणि इंजिनमधून केबिनमध्ये नेताना रबरी बुशमधूनच न्या, पत्र्याच्या उघड्या कडेवरून नको. काळी वायर बॅटरीच्या मायनसला थेट लावू नका. नव्या गाड्यांत त्या टर्मिनलवर सेन्सर असतो जो बॅटरीत किती करंट आला-गेला मोजतो, थेट लावली तर त्याचा हिशोब चुकतो. जवळच्या चासीच्या अर्थ बोल्टला लावा. सगळं बांधून झाल्यावरच फ्यूज घाला, आधी नाही. आणि बॅटरीवरून घेतलेला रेडिओ चावी काढली तरी चालू राहतो, कॅम्पवर रात्री आठवणीने बंद करा.

यानंतर एसडब्ल्यूआर, म्हणजे पाठवलेल्यातलं किती अँटेनावरून परत येतंय त्याचं माप. १.५ किंवा खाली उत्तम, २ पर्यंत चालतं, ३ च्या वर असेल तर माइकचं बटण दाबू नका, रेडिओ खराब होतो. सीबीचा मीटर पंचवीस-तीस डॉलरला मिळतो पण तो ४६२ मेगाहर्ट्झवर चालत नाही, त्यासाठी वेगळा लागतो किंवा नॅनोव्हीएनए नावाचा छोटा मापक घ्या, तो दोन्हीला चालतो. गाडी गॅरेजमधून मोकळ्यावर काढा, दारं आणि बॉनेट बंद करा, माणसं लांब. सीबीचं माप १, २० आणि ४० चॅनेलवर घ्या. माझ्याकडे पहिल्यांदा तिन्हीवर ३ च्या वर आलं. तिन्हीवर जास्त आलं की अर्थिंग बघायची. पट्टीच्या स्क्रूखाली रंग तसाच होता. स्क्रू काढून पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा येईपर्यंत घासलं, दातेरी वायसर घातला, उघड्या जागेला ग्रीस लावलं, मग पट्टी आणि बॅटरी मायनसमध्ये मल्टिमीटर शून्याजवळ आला.

पुन्हा मोजलं तर १ वर २.६ आणि ४० वर १.७. १ वर जास्त म्हणजे अँटेना आखूड, ४० वर जास्त म्हणजे लांब, हे पाठच करून ठेवा. फायबरच्या अँटेनाच्या टोकाची टोपी काढली की आत स्क्रू असतो, तो मी अर्धा-अर्धा वळसा बाहेर घेत गेलो, प्रत्येक वेळी लांब जाऊन मोजायचं, कारण हात जवळ असला तरी माप बदलतं. सहाव्या वेळी १ वर १.५, मध्ये १.२, ४० वर १.४ आलं, तिथे थांबलो. जीएमआरएसची अँटेना छताच्या मध्यावर असेल तर बहुतेक काही करावं लागत नाही, तरी मोजा. ही अँटेना घेताना ६ डीबीवाली, म्हणजे सिग्नल जास्त एकवटणारी, लांब घ्यायचा मोह होतो, पण ती आपली सगळी शक्ती सपाट रेषेत फेकते, एक गाडी घाटात वर आणि एक खाली असेल तर सिग्नल मधूनच जातो. डोंगरात ३ डीबीवाली किंवा साधी पाव लहरीची बरी.

खरखर येत असेल तर इंजिन बंद करून ऐका. बंद केल्यावर गेली तर गाडीतलीच आहे. मग इंजिन चालू ठेवून एकेक गोष्ट काढत जा, माझ्याकडे स्वस्तातला यूएसबी चार्जर निघाला, तो काढला की सीबी एकदम शांत झाला.

निघायच्या आदल्या दिवशी दोन गाड्या घेऊन गावाबाहेर जा, पाच मैलांवर थांबून बोलून बघा. दोन्हीकडे एकच चॅनेल आणि एकच टोन ठेवा, टोन म्हणजे फक्त आपल्या गटाचंच बोलणं स्पीकरवर यावं म्हणून आवाजाबरोबर जाणारा बारीक सूर. टोनला डब्यावर प्रायव्हसी कोड म्हणतात पण बोलणं कोणीही ऐकू शकतं, तर मुलांची नावं आणि घराचा पत्ता त्यावर बोलू नका. शेवटच्या गाडीत नेहमी ज्याला रेडिओ नीट जमतो तोच बसवा, कारण पहिली अडचण तिथेच येते. आणि कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अँटेनाचा नट हाताने फिरवून बघा, आमचा पहिल्या ट्रिपला मोआबजवळच्या खडकाळ रस्त्यावर अर्धा सैल झाला होता.