‘एंगेज्ड टू’ की ‘एंगेज्ड इन’? नाते आणि सहभाग इंग्रजीत कसा सांगावा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेताना दर तुकडीत मला एकच गोष्ट दिसते. पहिल्या दिवशी प्रत्येकाला स्वतःविषयी चार वाक्ये बोलायला सांगितली की नाव, गाव आणि शिक्षण नीट सांगून होते; मग लग्न झाले आहे की नाही हे सांगताना आणि फावल्या वेळात काय करतो हे सांगताना गाडी अडते. शब्द येत नाहीत असे नसते, कारण ‘मॅरिड’, ‘एंगेज्ड’, ‘पार्टिसिपेट’, ‘जॉइन’ हे शब्द आपण मराठी बोलतानाही सर्रास वापरतो. अडचण असते ती त्यांच्या मागोमाग येणाऱ्या ‘टू’, ‘विथ’, ‘इन’, ‘फॉर’ या लहान शब्दांची. म्हणून या लेखात मी शब्दांची यादी देणार नाही. प्रत्येक शब्द त्याच्या सोबत्यासह कसा पाठ करावा, हे मला सांगायचे आहे.

याचे कारण मराठीच्या घडणीत आहे. आपण ‘डॉक्टरशी लग्न केले’ किंवा ‘स्पर्धेत भाग घेतला’ असे म्हणतो, तेव्हा ‘शी’ हा तृतीयेचा आणि ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय नामाला चिकटतो. इंग्रजीत हेच काम नामाच्या आधी सुटा उभा राहणारा शब्द करतो, आणि तो कोणता असावा हे मागचे क्रियापद किंवा विशेषण ठरवते. ‘शी’ म्हणजे ‘विथ’ असे समीकरण मनात बसलेले असल्यामुळे विद्यार्थी ‘आय अ‍ॅम मॅरिड विथ अ डॉक्टर’ असे म्हणतात. बरोबर वाक्य ‘आय अ‍ॅम मॅरिड टू अ डॉक्टर’ असे आहे. साखरपुडा झाला असेल तर ‘एंगेज्ड टू’ आणि घटस्फोट झाला असेल तर ‘डिव्होर्स्ड फ्रॉम’. मात्र ‘मॅरी’ हे क्रियापद वापरले, तर मध्ये कोणताही शब्द येत नाही: ‘शी मॅरीड अ डॉक्टर’.

हा लहान शब्द बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो, हे ‘एंगेज्ड’मध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. ‘शी इज एंगेज्ड टू अ‍ॅन इंजिनियर’ म्हणजे तिचा इंजिनियरशी साखरपुडा झाला आहे, तर ‘शी इज एंगेज्ड इन रिसर्च’ म्हणजे ती संशोधनात गुंतलेली आहे. ‘इन्व्हॉल्व्ह्ड’ची कथा तशीच. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आपल्यापैकी अनेकांनी मदतकार्य केले. ते सांगताना ‘आय वॉज इन्व्हॉल्व्ह्ड इन फ्लड रिलीफ’ असे म्हणावे. पण ‘इन्व्हॉल्व्ह्ड विथ’ म्हणून पुढे एखाद्या व्यक्तीचे नाव घेतले, तर ऐकणारा प्रेमसंबंध असा अर्थ घेण्याची दाट शक्यता असते. नाते आणि सहभाग हे दोन विषय मी एकत्र शिकवतो ते यासाठीच.

आता नात्याचे शब्द पाहू. अर्जावरचे शब्द आणि बोलण्यातले शब्द येथे वेगळे ठेवावे लागतात. पासपोर्ट, व्हिसा, बँक यांच्या अर्जांत ‘मॅरिटल स्टेटस’ विचारलेले असते, आणि तेथे कायद्याच्या दृष्टीने जे खरे तेच लिहावे लागते: ‘सिंगल’, ‘मॅरिड’, ‘सेपरेटेड’, ‘डिव्होर्स्ड’ किंवा ‘विडोड’. ‘सेपरेटेड’ म्हणजे पती-पत्नी वेगळे राहतात, पण घटस्फोट झालेला नाही. ‘विडोड’ हे विशेषण स्त्री आणि पुरुष दोघांनाही चालते. नाम वापरायचे झाले तर विधवेसाठी ‘विडो’ आणि विधुरासाठी ‘विडोअर’. घटस्फोटित व्यक्ती बोलताना स्वतःला ‘सिंगल’ म्हणू शकते. मात्र अर्जात ‘डिव्होर्स्ड’ हा पर्याय असेल, तर तोच निवडावा. पुन्हा लग्न केलेल्या व्यक्तीसाठी ‘रीमॅरिड’ हा शब्द आहे. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला, तेथील माणसाने हा शब्द संकोच न बाळगता उच्चारावा, असे मला मनापासून वाटते.

येथे स्पेलिंगचा एक धोका सांगितलाच पाहिजे. ‘मॅरिटल’ आणि ‘मार्शल’ या दोन शब्दांतील अक्षरे अगदी तीच आहेत, फक्त दोन अक्षरांची अदलाबदल होते. ‘आर’नंतर आधी ‘आय’ आणि मग ‘टी’ आला, तर तो विवाहविषयक ‘मॅरिटल’. आधी ‘टी’ आणि मग ‘आय’ आला, तर तो युद्धकलेचा ‘मार्शल’. मर्दानी खेळ शिकणाऱ्या मुलामुलींना दोन्ही शब्द एकाच परिचयपत्रात लिहावे लागतात, म्हणून त्यांच्याकडून मी हे दोन शब्द दहा-दहा वेळा लिहून घेतो.

अविवाहितासाठी ‘बॅचलर’ हा शब्द आपल्याकडे रूढ आहे, पण तो फक्त पुरुषाला लागतो, आणि स्त्रीसाठीचा ‘स्पिन्स्टर’ आज अपमानकारक वाटतो. इंग्लंड आणि वेल्सच्या विवाहनोंदणीतही डिसेंबर २००५ पासून या दोन्ही शब्दांच्या जागी ‘सिंगल’ लिहिले जाते. आपणही तेच करावे.

बोलण्यातील ‘रिलेशनशिप स्टेटस’ हा शब्दप्रयोग फेसबुकमुळे घरोघरी पोहोचला. त्यातील ‘इन अ रिलेशनशिप’ म्हणजे लग्न नाही, पण प्रेमाचे नाते आहे. ‘इट्स कॉम्प्लिकेटेड’ हे उत्तर नात्याचे काही ठरलेले नसताना दिले जाते, आणि औपचारिक अर्जात त्याला जागा नाही. ‘गोइंग आउट विथ’, ‘डेटिंग’ आणि ‘सीइंग’ हे तिन्ही शब्द जवळजवळ एकाच अर्थाचे आहेत. त्यांपैकी ‘सीइंग’कडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे मुलगी बघायला जाणे म्हणजे दोन्ही घरची वडीलधारी मंडळी, कांदेपोहे आणि ठरावीक प्रश्नोत्तरे. हे सांगण्यासाठी ‘आय अ‍ॅम सीइंग अ गर्ल’ असे म्हटले, तर इंग्रजी भाषकाला ‘माझे एका मुलीशी प्रेमाचे नाते सुरू आहे’ असा अर्थ कळतो. घरी स्थळे बघत असतील, तर ‘माय पॅरेंट्स आर लुकिंग फॉर अ मॅच फॉर मी’ असे म्हणावे.

‘माय वुड-बी’ हाही आपल्याकडचा प्रयोग, परदेशी माणसाला तो उमगत नाही. वाग्दत्त वर आणि वधू या दोघांसाठी ‘फियॉन्से’ हा उच्चार एकच आहे; लिहिताना मात्र वधूसाठी शेवटी एक जास्तीचा ‘ई’ येतो. ‘पार्टनर’ या शब्दानेही असाच घोटाळा होतो. उद्यमनगरातील कारखानदाराने परदेशी ग्राहकाला भागीदाराची ओळख ‘माय पार्टनर’ अशी करून दिली, तर ग्राहक त्याला जीवनसाथी समजण्याची शक्यता आहे. ‘माय बिझनेस पार्टनर’ म्हटले की संदेह राहत नाही.

लग्नाविषयीच्या वाक्यांतील सर्वांत पक्की चूक ‘माय मॅरेज वॉज डन इन २०१५’ ही होय. ‘माझे लग्न २०१५ साली झाले’ या मराठी वाक्याची ती सरळ सावली आहे. इंग्रजीत लग्न होत नाही, माणूस विवाहित होतो: ‘आय गॉट मॅरिड इन २०१५’. आजची स्थिती सांगायची तर ‘आय अ‍ॅम मॅरिड’, आणि किती वर्षे झाली हे सांगायचे तर ‘आय हॅव बीन मॅरिड फॉर टेन इयर्स’. ही तीन वाक्ये तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, त्यामुळे ती एका श्वासात घोकू नयेत. दुसऱ्या कोणाला प्रश्न विचारायला लावून एकेक उत्तर द्यावे. शिवाय ‘मॅरेज’ म्हणजे वैवाहिक जीवन आणि ‘वेडिंग’ म्हणजे सोहळा. म्हणून पत्रिकेवर ‘वेडिंग’ आणि लग्नाच्या वाढदिवसासाठी ‘वेडिंग अ‍ॅनिव्हर्सरी’ लिहावे.

वापरण्याच्या जागेविषयीही एक सूचना करतो. आपल्याकडे पहिल्या भेटीत ‘लग्न झाले का?’ हा प्रश्न आपुलकीने विचारला जातो. ब्रिटन किंवा अमेरिकेतील व्यक्तीशी बोलताना मात्र तो आपण होऊन विचारू नये, समोरच्याने विषय काढू द्यावा. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात विवाहाच्या कारणावरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई आहे. त्यामुळे तेथे नोकरीसाठी पाठवायच्या परिचयपत्रात वैवाहिक स्थिती लिहिण्याचे कारण नसते. आपला ‘बायोडाटा’ स्थळासाठी आणि नोकरीसाठी एकच असतो, ही सवय सोडावी लागेल.

आता सहभागाकडे वळू. ‘भाग घेणे’ याला ‘टेक पार्ट इन’ हा अगदी जुळणारा शब्द आहे आणि तो कोठेही चालतो. ‘पार्टिसिपेट इन’ अधिक औपचारिक आहे. दोन्हींत ‘इन’ विसरता कामा नये. पण या दोन शब्दांवर सगळा भार टाकणे मला पटत नाही, कारण प्रत्यक्ष कृतीचे क्रियापद वापरले की इंग्रजी जिवंत होते. नाटकात काम केले असेल तर ‘आय अ‍ॅक्टेड इन अ प्ले’, गायला असाल तर ‘आय सँग’, शर्यतीत धावला असाल तर ‘आय रॅन’ म्हणावे.

खेळांची तर कोल्हापुरात कमतरता नाही, आणि येथेच ‘खेळणे’ हे मराठी क्रियापद आपल्याला चकवते. सर्वसाधारण नियम असा, की चेंडूच्या आणि प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या डावांसाठी ‘प्ले’, व्यायाम आणि युद्धकलांसाठी ‘डू’, आणि बाहेर पडून करायच्या कृतींसाठी ‘गो’ व पुढे ‘-इंग’. म्हणून ‘प्ले फुटबॉल’, ‘प्ले कबड्डी’, ‘डू योगा’, ‘डू कराटे’, ‘गो स्विमिंग’, ‘गो ट्रेकिंग’. ‘गो टू स्विमिंग’ हे चूक. मर्दानी खेळाच्या नावातच ‘खेळ’ असला, तरी ती युद्धकला असल्यामुळे ‘डू’ किंवा ‘प्रॅक्टिस’ वापरावे. कुस्तीही प्रतिस्पर्ध्याविरुद्धच होते, पण तिला ‘प्ले’ कधीच लागत नाही. ‘आय रेसल’ हे सर्वांत नेमके. तालीम या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा मूळ शब्द ठेवून पुढे एक खुलासा जोडावा: ‘आय ट्रेन अ‍ॅट अ तालीम, अ ट्रॅडिशनल रेसलिंग स्कूल’.

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना पाहायला जाणारा प्रत्येक जण खेळाडू नसतो, आणि इंग्रजी हा भेद काटेकोरपणे राखते. मैदानात उतरणारा ‘प्लेज’, गॅलरीत बसून पाहणारा ‘वॉचेस’, बातम्यांतून खेळाचा मागोवा घेणारा ‘फॉलोज’, आणि आपल्या पेठेच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडणारा ‘सपोर्ट्स’. पाटाकडील हा येथला एक फुटबॉल संघ; ‘मी पाटाकडीलचा’ हे मराठीत एका शब्दात होते. इंग्रजीत ‘आय सपोर्ट पाटाकडील’ असेच म्हणावे, कारण ‘आय अ‍ॅम फ्रॉम’ म्हटले तर ते गावाचे नाव ठरते.

स्पर्धेसाठी ‘कंपीट’ घ्यावे आणि त्याचे सोबती ओळखावेत: स्पर्धेपुढे ‘इन’, प्रतिस्पर्ध्यापुढे ‘अगेन्स्ट’, देशापुढे ‘फॉर’. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. २०२४ साली पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक पटकावले. या दोघांविषयी ‘कंपीटेड इन’, ‘कंपीटेड फॉर इंडिया’ आणि ‘वन अ ब्राँझ मेडल’ ही तीन वाक्ये बनवून पाहावीत. पदक ‘विन’ करतात, प्रतिस्पर्ध्याला ‘बीट’ करतात. ‘आय वन हिम’ असे कधीही म्हणू नये.

‘जॉइन’ला सोबती लागत नाही: ‘आय जॉइन्ड अ क्लब’. चालू असलेल्या खेळात किंवा गाण्यात सामील झाल्यास मात्र ‘जॉइन इन’. सभासद असल्यास ‘मेंबर ऑफ’, नाव नोंदवले असल्यास ‘साइन अप फॉर’. पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीसाठी नाव दिले असेल, तर ‘आय हॅव साइन्ड अप फॉर द ट्रेक’. छंद नव्याने सुरू केला तर ‘टेक अप’, सोडला तर ‘गिव्ह अप’. पूर्वी खेळायचो, आता नाही, हे सांगण्यासाठी ‘यूज्ड टू प्ले’ आहे. मराठीत क्रियापदाला ‘-आयचो’ लागले की इंग्रजीत ‘यूज्ड टू’ आठवावे.

‘अटेंड’विषयी सावध राहावे. लग्नाला हजर राहिलात तर ‘आय अटेंडेड द वेडिंग’. पाहुण्यांची सरबराई केलीत तर ‘आय अटेंडेड टू द गेस्ट्स’. आपल्याकडे एकच माणूस दोन्ही करतो, म्हणून दोन्ही वाक्ये यावीत.

सरावासाठी वहीच्या डाव्या पानावर स्वतःविषयीची दहा खरी मराठी वाक्ये लिहावीत, पाच नात्याची आणि पाच सहभागाची. प्रत्येक वाक्यातील ‘शी’, ‘त’, ‘ला’, ‘चा’ यांखाली रेघ मारावी. उजव्या पानावर इंग्रजी वाक्य लिहिताना त्या रेघेच्या जागी कोणता लहान शब्द आला, किंवा काहीच आले नाही, हे लाल शाईने दाखवावे. आठवडाभर ही वही बरोबर ठेवून, रंकाळ्याच्या काठाने फिरताना सोबत्याला फक्त डावे पान वाचायला सांगावे आणि उजवे पान न पाहता मोठ्याने बोलावे. ज्या वाक्याला सलग तीन दिवस अडखळायला होत नाही ते खोडून त्याच्या जागी नवे लिहावे.