सौर प्रकल्पासाठी शेतजमीन भाड्याने घेताना : या चुका टाळा

सौर प्रकल्प उभारणारे उद्योजक किंवा स्वतःच्या कारखान्यासाठी वीज तयार करू पाहणारे कारखानदार सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुधा तीन फायली असतात. एकीत कंपनीची किंवा भागीदारीची कागदपत्रे, दुसरीत विजेचा करार आणि तिसरीत सातबारा, फेरफार व भाडेपट्ट्याचा मसुदा असतो. प्रत्येक फाईल वेगळ्या माणसाने तयार केलेली असते आणि तिन्ही शेजारी ठेवून कुणी वाचलेल्या नसतात, त्यामुळे एरवी नीट दिसणाऱ्या कागदांतही मोठे घोटाळे राहून जातात.

सर्वांत नेहमीची चूक मुदतीची आहे. वीज खरेदी करार 25 वर्षांचा, म्हणून भाडेपट्टाही 25 वर्षांचा केला जातो. वीज करारातली वर्षे सर्वसाधारणपणे प्रकल्प कार्यान्वित झाल्याच्या तारखेपासून मोजली जातात, तर भाडेपट्ट्याची वर्षे सही किंवा ताब्याच्या तारखेपासून. मोजणी, परवानग्या, उपकेंद्राची जोडणी आणि उभारणी यांत दीड वर्ष गेले, तर अखेरच्या दीड वर्षात वीज पुरवण्याची जबाबदारी कायम राहते. पॅनेल जिथे उभी आहेत ती जमीन वापरण्याचा हक्क मात्र संपलेला असतो. त्या वेळी जमीनमालक भाड्याचा कोणता आकडा सांगेल, याचा अंदाज करता येईल.

हे लक्षात आले की मसुद्यात घाईने एक ओळ घातली जाते : 'मुदत संपल्यावर पट्टा आणखी पाच वर्षे वाढवता येईल.' ही ओळ महागात पडते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे 10 वर्षांहून अधिक पण 29 वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला बाजारमूल्याच्या 50 टक्के रकमेवर, तर 29 वर्षांच्या पुढे 90 टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने शुल्क लागते आणि दस्तात नमूद केलेली नूतनीकरणाची मुदतही मूळ मुदतीत धरली जाते. 25 अधिक 5 म्हणजे 30, हा हिशेब दुय्यम निबंधक कार्यालयात गेल्यावर कळतो. शासनाची सवलत लागू नसेल, तर सलग 27 किंवा 28 वर्षांची एकच मुदत लिहिणे हा साधा उपाय आहे.

भाडेवाढीचे कलमही असेच मोघम असते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधला हेक्टरी 1,25,000 रुपये वार्षिक दर आणि 3 टक्के वाढ आता गावोगाव ठाऊक आहे, त्यामुळे खासगी सौदेही त्याच आकड्यांवर होतात. 'दरवर्षी 3 टक्के वाढ' एवढेच लिहिले, तर ती पहिल्या वर्षाच्या भाड्यावर की आदल्या वर्षाच्या? पहिल्या हिशेबाने पंचविसाव्या वर्षी हेक्टरी 2,15,000 रुपये होतात, दुसऱ्याने सुमारे 2,54,000. करारासोबत वर्षवार भाड्याचा तक्ता जोडावा. तो अर्ध्या तासात तयार होतो.

जमिनीच्या फाईलमध्ये सातबाऱ्यावरचे पहिले नाव वाचून लोक थांबतात. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. भूधारणा पद्धतीसमोर 'भोगवटादार वर्ग-2' (म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी जमीन) लिहिले आहे का, इतर हक्कांत कुळ कायदा कलम 43 चा शेरा आहे का, जमीन देवस्थान इनामाची आहे का आणि खातेदार आदिवासी आहे का, हे आधी पाहावे. कलम 43 च्या बंधनात विक्रीइतकाच भाडेपट्टाही येतो. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 36-अ लागू होते आणि पूर्वपरवानगीशिवाय केलेला पट्टा कितीही सुबक लिहिला तरी टिकत नाही.

त्यानंतर बहिणींचा प्रश्न येतो. वडिलांच्या पश्चात दोघा भावांची नावे लागलेली असतात आणि 'बहिणींनी तलाठ्यासमोर जबाब दिला आहे' असे सांगितले जाते. एका प्रकरणात मी तो फेरफार मागवला, तेव्हा तीन बहिणींपैकी एकीचा अंगठाच त्यावर नव्हता. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच हिस्सेदार, असते आणि त्यासाठी त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 2020 साली स्पष्ट केले आहे. नोंदणीकृत हक्कसोड पत्र नसेल, तर बहिणींना करारात पक्षकार करून भाड्यातला त्यांचा हिस्सा थेट त्यांच्या खात्यात द्यावा. भाऊ कुरकुरतात, कुरकुर ऐकून घ्यावी आणि सह्या घ्याव्यात.

नोटरी केलेल्या पट्ट्यावर विसंबणाऱ्यांना एवढेच सांगतो की, एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करता येतो. भाडेकरू भागीदारी संस्था असेल तर तिचीही नोंदणी पाहावी, कारण 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 69 मुळे नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातील हक्कासाठी त्रयस्थावर दावा लावता येत नाही.

कंपनीच्या फाईलमधली खरी अडचण कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठी वीज तयार करणाऱ्या, प्रकल्पात येते. 2005 च्या विद्युत नियमांतील नियम 3 प्रमाणे वापरकर्त्यांकडे किमान 26 टक्के मालकी हवी आणि वर्षभरातील निर्मितीच्या किमान 51 टक्के वीज त्यांनीच वापरली पाहिजे. ही मालकी मतदानाचा हक्क असलेल्या भागभांडवलातली लागते. प्रेफरन्स शेअर चालत नाहीत. अनेक कारखान्यांनी मिळून प्रकल्प काढला, तर प्रत्येकाचा वापर त्याच्या मालकीच्या प्रमाणात हवा आणि त्यात 10 टक्क्यांपलीकडे फरक चालत नाही. कंपनीचा वकील भागधारक करारात नव्या गुंतवणूकदाराला शेअर देण्याची किंवा भागधारकाने मधेच बाहेर पडण्याची कलमे सवयीने घालतो. हा हिस्सा त्यामुळे 26 च्या खाली जाईल, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. अट मोडली की त्या वर्षाची सगळी वीज साध्या उत्पादक कंपनीने पुरवलेली वीज ठरते आणि कॅप्टिव्ह म्हणून माफ असलेला क्रॉस सबसिडी अधिभार (वितरण कंपनीऐवजी दुसऱ्याकडून वीज घेणाऱ्या ग्राहकावरचा आकार) भरावा लागतो. म्हणून प्रत्येक शेअर हस्तांतरणाआधी आणि जानेवारीत एकदा वापराचे आकडे तपासण्याची अट करारातच घालावी. जानेवारीत चूक कळली तर मार्चअखेरपर्यंत काही करता येते.

शेवटची चूक जमिनीच्या बाहेरची आहे. प्रकल्पाचे दहा एकर पक्के होतात, पण तेथून उपकेंद्रापर्यंतच्या वाहिनीचे खांब सात-आठ शेतकऱ्यांच्या बांधावरून जायचे असतात आणि सातबाऱ्यावर रस्ता म्हणून दाखवलेली पाणंद प्रत्यक्षात नांगरलेली असते. दुसऱ्याच्या शेतात खांब रोवण्याचा हक्क खासगी उत्पादकाला आपोआप मिळत नाही. प्रकल्पाच्या भाडेपट्ट्यावर सही करण्याआधी तो मार्ग पायी चालून पाहावा, लागणारे गट क्रमांक लिहून घ्यावेत आणि वाहिनीचे संमतीपत्र प्रत्येक खातेदाराकडून मोबदल्याच्या आकड्यासह घ्यावे.