कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी असेंबल करताय? या चुका टाळा

मागच्या गणपतीत पाथर्डी फाट्याकडचा एक पोरगा स्कूटीवर पायाशी कॅबिनेट धरून आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरी आला. "काका, पंखे फिरतात, लाइटी लागतात, पण डिस्प्लेच येत नाही." रॅम काढून पुसून परत लावली होती, शेजाऱ्याचा मॉनिटर आणून बघितला होता, एचडीएमआयची नवी केबलसुद्धा घेतली होती. मी बाजूची काच काढली आणि विचारलं, ग्राफिक्स कार्ड कुठंय? म्हणाला, ते दिवाळीत, पप्पांचा बोनस झाला की.

प्रोसेसर होता इंटेलचा आय५-१२४००एफ. शेवटच्या त्या 'एफ'चा अर्थ, या प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नाही. मदरबोर्डला एचडीएमआयचा पोर्ट दिसतो, पण त्यातून काही बाहेर पडणार नाही. बिघाड काहीच नव्हता. माझ्या ड्रॉवरमध्ये जुनं जीटी ७१० कार्ड पडून होतं, ते तात्पुरतं बसवून दिलं. नाहीतर पठ्ठ्या दिवाळीपर्यंत नुसत्या लाइटी बघत बसला असता.

अंबडची नोकरी सांभाळून मी नातेवाइकांची आणि गल्लीतल्या पोरांची मशीन्स जुळवून देतो. पैसे कोणी देत नाही, मिसळ मिळते. इतक्या मशीन्स उघडल्यावर एक लक्षात आलंय. लोक पार्ट चुकीचा निवडतात असं नाही, ते पार्टचं नाव अर्धंच वाचतात. आय७ वाचलं, पुढचे आकडे सोडले. ४ जीबी वाचलं, कुठल्या चिपवर ते सोडलं. ५०० वॉट वाचलं, खालचा बारीक तक्ता सोडला.

"आय७ आहे" म्हणजे कितवा?

'आय७, १६ जीबी रॅम, गेमिंग पीसी', आणि किंमत नव्या आय३ मशीनपेक्षाही कमी. अशी जाहिरात दिसली की पहिला प्रश्न जनरेशनचा. आत बहुतेक वेळा आय७-२६०० किंवा ३७७० निघतो, म्हणजे अनुक्रमे २०११ आणि २०१२ चा माल. २०२२ चा चार कोअरचा आय३-१२१००एफ गेमिंगमध्ये या दोघांनाही सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि आमच्याकडच्या निम्म्या पोरांना ज्यासाठी मशीन हवं असतं तो व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) दोन्ही मागतो. म्हणजे स्वस्त आय७ घरी आणायचा, त्यावर कशीबशी विंडोज ११ टाकायची आणि तो गेमच उघडत नाही.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्येही हीच गंमत. ५५००, ५६००जी आणि ५६००, तिन्ही सहा कोअर, बारा थ्रेड. दुकानदार म्हणतो सेम आहे. सेम नाही. ५६०० मध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी, बाकी दोघांत १६. ५६०० ला पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता) ४.० मिळतं, बाकी दोघांना ३.०. मात्र ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे, म्हणून ज्यांचं बजेट हप्त्याहप्त्याने जमणार त्यांना मी तोच सुचवतो, किंवा 'एफ' नसलेला आय५-१२४००. कमी सेटिंगवर व्हॅलोरंट चालतं, आणि पैसे जमले की कार्ड टाकायचं.

जुन्या बी४५० बोर्डावर रायझन ५००० बसवणार असाल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालाय का ते दुकानातच विचारा. इंटेलच्या एच६१० बोर्डावर तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर घेतानाही तेच. तिथे डिस्प्ले न येण्याचं कारण हे असू शकतं. आणि रॅम डीडीआर४ की डीडीआर५, हे बोर्डावर ठरतं. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. इंटेलच्या बऱ्याच बोर्डांच्या नावात शेवटी 'डी४' असतं ते यासाठीच. एएमडीचा एएम५ सॉकेटचा बोर्ड घेतला तर प्रश्न नाही, तिथे फक्त डीडीआर५.

ग्राफिक्स कार्ड

एकूण बजेटचा साधारण ४० टक्के भाग इथे जाऊ द्या. कमी पडलं तर आरजीबी पंखे, लिक्विड कूलर, महागडा बोर्ड यातून कापा. १२१००एफ किंवा ५६०० ला खोक्यातला कूलर पुरतो.

जीबीच्या आकड्यावर कार्ड घेऊ नका. ४ जीबीचं जीटी ७३० मिळतं, त्यावर डीडीआर३ मेमरी असते आणि आजच्या गेमला ते कार्ड काही कामाचं नाही. आरएक्स ६५०० एक्सटी जरा फसवं आहे. ते पीसीआयईच्या चारच लेन वापरतं. ४.० च्या बोर्डावर ठीक, पण बी४५० सारख्या ३.० च्या बोर्डावर, किंवा ५६००जी बरोबर, त्याचा श्वास कोंडतो. आरटीएक्स ३०५० दोन प्रकारात येतं. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर, ६ जीबीवाल्यात २३०४ आणि मेमरीची बसही (डेटा जायची वाट) अरुंद. नाव तेच. ६ जीबीवालं वाईट आहे असं मात्र नाही. ते ७० वॉटवर चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून ऑफिसमधून निघालेल्या जुन्या ब्रँडेड मशीनमध्ये टाकायला बरं.

सेकंडहँड घ्यायला मी नाही म्हणत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि बाजारात कार्डांचा पूर आला, त्यातली कितीतरी अजून नीट चालतायत. फक्त विकणाऱ्यासमोर अर्धा तास गेम चालवून बघा, पंख्यांचा आवाज ऐका, आणि जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडा. जुन्या जीटीएस ४५० ची बायोस बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकल्याचे प्रकार झालेत. अशा कार्डाच्या नावापुढे ते सॉफ्टवेअर सरळ 'फेक' लिहून दाखवतं.

एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) पाठ वाचा

माझ्या भाच्याचं मशीन. आय३-१२१००एफ, आरएक्स ६६००, जोडी अगदी नेटकी. डेस्कटॉपवर तासन्‌तास चालायचं. गेम सुरू झाला, मॅच रंगात आली की फट्‌कन रीस्टार्ट. "मामा, गरम होतंय," म्हणून त्याने आणखी दोन पंखे लावले होते. टेम्परेचर बघितलं तर साठच्या आसपास. उष्णतेचा काही संबंध नव्हता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ च्या ओळी मात्र रांगेत उभ्या. ती नोंद स्वतः कारण सांगत नाही, मशीन अचानक बंद पडलं एवढंच सांगते, पण नजर कुठे वळवायची ते कळतं.

एसएमपीएस बाहेर काढला. हातात घेतल्याबरोबर कळलं, रिकाम्या डब्यासारखा हलका. वर ठळक अक्षरात ५०० वॉट. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली लिहिलेलं, १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. १२१००एफ जोरात असताना ८९ वॉटपर्यंत जातो, ६६०० चे १३२. बेरीज २२१, पंखे आणि एसएसडी वेगळेच. ५०० वॉटमधले उरलेले वॉट कुठे गेले, हे ज्याने तो स्टिकर छापला त्यालाच ठाऊक.

पुढचं बघून मात्र माझाच घाम निघाला. त्या एसएमपीएसला कार्डाची ८ पिनची केबलच नव्हती. दुकानदाराने साटाच्या कनेक्टरवरून ८ पिन काढून देणारा अ‍ॅडॉप्टर लावला होता. साटाचा पॉवर कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटपर्यंतचा, आणि ८ पिन मागू शकते १५०. प्लॅस्टिकचा एक कोपरा पिवळा पडून वितळायला लागला होता. नाकाजवळ नेला तर जळका वास. असा अ‍ॅडॉप्टर कोणी फुकट दिला तरी घेऊ नका.

८० प्लस ब्रॉन्झचा छाप म्हणजे ताकद नव्हे. वीज किती वाया जाते याचा तो दाखला आहे. पण ज्याने तो घेण्याची तसदी घेतली त्याचा तक्ता बहुधा खरा असतो. अशा जोडीला ४५० ते ५५० वॉटचा, १२ व्होल्टवर निदान ३३ अँपिअर लिहिलेला एसएमपीएस भरपूर झाला.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या

ही तक्रार पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांमधून हमखास येते. पोरं म्हणतात एसएमपीएस गेला. तो ठणठणीत असतो. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर तिथला करंट जमिनीत जातो, नसेल तर बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. टेस्टर मंद पेटतो तो त्यामुळे. करंट अगदी थोडा असतो, पण उपाय इलेक्ट्रिशियनने अर्थिंग काढून देणं हाच. तिसरी पिन मोडून टू-पिनमध्ये खुपसणं नव्हे.

वळवाच्या पावसात आपल्याकडे लाइट किती वेळा डोळे मिचकावते ते सांगायला नको, म्हणून यूपीएस हवाच. पण ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटचाच असतो. गेम चालू असताना लाइट गेली आणि यूपीएसने टीं करून मान टाकली, तर त्यात नवल नाही. व्हीए नको, वॉट विचारा. आणि कॅबिनेट समोरून काचेचं घेऊ नका, जाळीचं घ्या. नाशिकची हवा थंड हे खरं, पण मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी बसून बघा.

जोडून झाल्यावर

कूलरच्या तळाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढलाय ना? हसू नका, दर वर्षी एक तरी केस येतेच.

रॅम १६ जीबीची एक कांडी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघा. ३२०० ची रॅम घेऊन तिथे २४०० दिसत असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिचा छापील वेग देणारी सेटिंग) चालू करायचं राहिलंय.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, बोर्डाला नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन "काही फरक वाटत नाही" म्हणणाऱ्यांनी विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जावं. तिथे ६० च असतात.

बिल

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात भाव थोडा पडतो म्हणून आपली पोरं सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतरतात, तिथून लोकलने ग्रँट रोड. जा, मजा येते. फक्त तिकडचा 'बिल नको तर कमी करतो' हा सौदा नीट तोलून घ्या. कार्ड दोन वर्षांनी बंद पडलं तर वॉरंटीसाठी सीरियल नंबर लिहिलेलं बिल लागेल, आणि नसेल तर वाचलेले पैसे पंचवटीच्या तिकिटांतच जातील. खोकीही वर्षभर माळ्यावर ठेवा, आईने कितीही कटकट केली तरी.

त्या पाथर्डी फाट्याच्या पोराचा धनत्रयोदशीला एम. जी. रोडवरून फोन आला.

"काका, इथे ६५०० एक्सटी आहे आणि साधं ६६०० आहे. एक्सटी भारी ना?"

"दोन्हीवर जीबी किती लिहिलेत?"

"चार... आणि आठ."

"मग साधंच घे. आणि एसएमपीएस कोणताय तुझा? बारा व्होल्टला..."

"छत्तीस अँपिअर," तो मध्येच म्हणाला. "घरून निघतानाच फोटो काढून आणलाय."