आभाळ भरलेल्या दिवशी कृष्णधवल निसर्गचित्रे कशी टिपावीत

विदर्भात एकदा झड लागली की तीन-तीन दिवस सूर्याचे दर्शन होत नाही आणि हौशी छायाचित्रकाराचा कॅमेरा तेवढे दिवस कपाटातच राहतो. कृष्णधवल छायाचित्रांसाठी मात्र हे दिवस उत्तम असतात. फक्त एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते, ती अशी की भरलेल्या आभाळाखाली उजेड सगळीकडून सारखाच येतो, ठसठशीत सावल्या पडत नाहीत आणि त्यामुळे चित्रातला काळा-पांढरा विरोध उजेडाकडून मिळत नाही. तो वस्तूंच्या अंगीच असावा लागतो.

म्हणून कॅमेऱ्याआधी जागा निवडावी. वर्धा-यवतमाळकडची काळी माती या कामी फार उपयोगी पडते, कारण ती मुळात गडद असते आणि भिजली की जवळजवळ कोळशासारखी दिसते. अशा वावरात डवरणीला, म्हणजे पिकाच्या ओळींमधल्या कोळपणीला, जुंपलेली पांढऱ्या गवळाऊ बैलांची जोडी किंवा मागे उतरलेले बगळे असले की चित्राची दोन्ही टोके तयार मिळतात. भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, सुमारास बांध्यांत (भाताच्या खाचरांत) पाणी साचलेले असते. त्या पाण्यात आभाळ उतरते आणि मधले धुरे, म्हणजे बांध, काळ्या रेघांसारखे उठून दिसतात. मेळघाटात चिखलदऱ्याच्या कड्यावरून एकामागे एक असलेल्या डोंगररांगा धुक्यात क्रमाने फिक्या होत जातात, पण धुके दाट असेल तर काहीच दिसत नाही, तेव्हा ते विरळ होईपर्यंत थांबावे. जवळच्या गोष्टीही सोडू नयेत. धुऱ्यावरच्या बाभळीचे खोड पाहावे: पावसाचा मारा ज्या बाजूने झाला ती बाजू ओली आणि काळी, दुसरी कोरडी आणि राखाडी, आणि दोहोंमधली सीमारेषा सालीच्या भेगांतून वाकडीतिकडी खाली उतरलेली असते.

कापूस वेचणीला आला असताना आभाळ आले तर काळ्या मातीवर फुटलेली पांढरी बोंडे अप्रतिम दिसतात. मात्र ज्या आभाळाने आपण सुखावतो, त्यानेच त्या वावराच्या मालकाचा जीव टांगणीला लागलेला असतो, हे ओळखून त्याला विचारल्याशिवाय धुरा ओलांडू नये.

यानंतर आभाळाकडे पाहावे. ते एकसारखे पांढुरके असेल, तर चित्रात त्याला जागा देण्यात अर्थ नाही. क्षितिजरेषा अगदी वर घ्यावी किंवा आभाळ पूर्ण वगळावे. पाऊस उघडल्यावर पाऊण-एक तास ढगांचे थर सुटे होतात, कडा दिसू लागतात, आणि त्या वेळी खुशाल दोन तृतीयांश चौकट आभाळाला द्यावी. लाल फिल्टरने ढग उठावदार होतात, असे वाचून मी दोन पावसाळे तो फिल्टर लावून हिंडलो आणि हाती काहीच लागले नाही. लाल फिल्टर निळा रंग गडद करतो. आभाळात निळा रंगच नसेल, तर तो बिचारा करणार काय? त्यापेक्षा पोलरायझर, म्हणजे चकाकी अडवणारा फिल्टर, बाळगावा. तो ओल्या पानांवरची आणि मातीवरची चमक कमी करतो, म्हणजे गडद गोष्टी खरोखर गडद उतरतात. त्यात दीड ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा होतो), हे मात्र धरून चालावे, आणि बांध्यांतल्या पाण्यातले प्रतिबिंब हवे असेल तेव्हा तो काढून ठेवावा.

कॅमेरा रॉ फॉरमॅटवर, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती जपणाऱ्या फाइलवर, ठेवून चित्रशैली मोनोक्रोम निवडावी. पडद्यावर कृष्णधवल दिसते, पण रॉ फाइलमध्ये रंगांची माहिती शाबूत राहते. अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ ८ ते एफ ११, आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) १०० किंवा २००, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि दोन सेकंदांचा टायमर, एवढे बहुतेक वेळा पुरते. वाऱ्याने पीक हलत असेल तर शटर १/२५० सेकंदापर्यंत न्यावे आणि त्यासाठी आयएसओ वाढवावा. एक्स्पोजर ठरवताना हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख, पाहावा: आभाळाचा सर्वांत उजळ भाग उजव्या कडेच्या अलीकडेच राहिला पाहिजे, कारण पूर्ण पांढरे पडलेले आभाळ नंतर परत आणता येत नाही, जमीन मात्र बरीचशी उजळता येते. मोबाइलवर प्रो मोड आणि रॉची सोय असेल तर हेच सगळे लागू होते. नसेल तर आभाळावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करावे. गडगडाट ऐकू आला की ट्रायपॉड मिटवून पक्क्या घरात जावे. मोकळ्या वावरात किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये.

खरे काम घरी आल्यावर असते. हिरवे पीक आणि तपकिरी बांध डोळ्यांना वेगळे दिसतात, पण कृष्णधवलमध्ये दोन्ही एकाच करड्या रंगात मिसळून जातात. संगणकावर रंगीत रॉ फाइलचे कृष्णधवल रूपांतर करताना हिरव्यासोबत पिवळा स्लायडरही वाढवावा, कारण पानांच्या हिरव्यात पिवळ्याचा अंश मोठा असतो, आणि पाने उजळताच ती मातीपासून सुटी होतात. मग टोन कर्व्हला, म्हणजे गडद-उजळपणा बदलणाऱ्या रेषेला, हलका इंग्रजी एस अक्षरासारखा बाक द्यावा आणि शेवटी ब्रशने काही भाग उजळ, काही गडद करावा. ढग मात्र जपून गडद करावेत. रिमझिमीच्या दिवसाचे वादळ करण्याचा मोह मलाही अजून सुटलेला नाही.

चित्र छापायचे असेल तर आधी लहान प्रत काढून दिवसाच्या उजेडात पाहावी. मॅट कागदावर काळी माती सपाट होते. तिच्यातली ढेकळे वेगवेगळी दिसत नसतील, तर गडद भाग थोडा उचलून पुन्हा छापावे.