पंचगंगेचं पाणी कसं वाचायचं

कोल्हापुरात आमच्या शुक्रवार पेठेत नवीन भाडेकरू आला की जुलै लागायच्या आत मी त्याला एवढं सांगतेच.

घाटावर जाऊन पुराचा अंदाज घेऊ नका. तिथं नुसती गर्दी, मोबाईल आणि गप्पा. शिवाजी पुलाच्या दगडी खांबांवर पाणी चढलं की जुनी माणसं ‘मच्छिंद्री झाली’ म्हणतात, पण ते कळायला नजर मुरलेली लागते. तुम्ही आपला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा बघा. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं होतं. सकाळचा आकडा, दुपारचा आकडा कॅलेंडरवर लिहीत जा. ४० वर थांबलेल्या पाण्यापेक्षा ३७ वरून भराभर चढणारं पाणी वाईट.

मग राधानगरी. शाहू महाराजांनी १९०८ च्या सुमारास हाती घेतलेलं हे धरण भोगावती नदीवर आहे. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित. धरण भरलं की पाण्याच्या दाबानंच उघडतात, कुणी बटण दाबत नाही. त्यामुळं ‘पाणी सोडलं’ म्हणून साहेबाला शिव्या घालण्यात अर्थ नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी येतं. एखादा उघडला तर निवांत चहा प्या. चार-पाच उघडलेत आणि गगनबावड्यातही पाऊस थांबत नाही, मग मात्र उठा, कारण कुंभी, कासारी, तुळशी या नद्या सगळ्याच प्रयाग चिखलीपर्यंत भोगावतीला येऊन मिळतात आणि त्यांचीच पंचगंगा होते.

आता जे बाहेरच्यांना कळत नाही ते. पाऊस उघडला तरी पाणी उतरेलच असं नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच फुगलेली असली तर आपलं पाणी तुंबून राहतं. म्हणून कोयना धरणाचा विसर्ग आणि सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळीही बघायची. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पाणी तुंबतं की नाही, यावरून भांडायचं ते दिवाळीत.

शहरात पाणी नदीकडून समोरून येत नाही, नाल्यातनं, गटारातनं मागच्या दारानं येतं. जयंती नाला उलटा फिरला की आवरायला घ्या. सिलिंडर बंद करून खिडकीच्या गजाला बांधा, नाहीतर तरंगत जाऊन दार अडवतो. मेन स्विच पाडा. इन्व्हर्टरची बॅटरी, धान्याचे डबे, कागदपत्रं माळ्यावर. गाडी उंचावर लावा. आणि पिण्याचं पाणी आधीच भरा! २०१९ ला उपसा केंद्रंच बुडाली, चहूकडं पाणी आणि नळ कोरडे. शिरोलीजवळ हायवे बंद पडला की दूध आणि पेट्रोलही मिळत नाही.

पाणी उतरायला लागलं की ते घरात घोटाभर असतानाच गाळ खराट्यानं ढवळून बाहेर ढकला. वाळला की खोऱ्याशिवाय निघत नाही. वीज मात्र वायरमननं बघितल्याशिवाय चालू करू नका.