रेकॉर्डरला फोन आणि रेडिओ जोडताना: योग्य केबल आणि अडॅप्टर कसे निवडावे

गोव्यात पेडण्याला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या धालोच्या, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाच्या लोकोत्सवाच्या, मांडावरच्या आठवणी फोनवरून मुद्रित करून घ्याव्यात असे मी ठरवले, तेव्हा म्हापशाच्या बाजारातून दोन्ही टोकांना ३.५ मिलिमीटरची पिन असलेली एक साधी केबल आणली. तिचे एक टोक मोबाइलच्या इयरफोनच्या छिद्रात घातले आणि दुसरे रेकॉर्डरच्या माइकच्या छिद्रात. रेकॉर्डरला लावलेल्या इयरफोनमधून मावशीचा आवाज खरखरीत ऐकू येत होता, पण लाइनच खराब असेल असे समजून मी तासभर बोलत राहिलो. नंतर ऐकले तेव्हा तिचा आवाज अथपासून इतिपर्यंत फाटलेला होता आणि माझा एकही प्रश्न मुद्रणात नव्हता. केबल छिद्रात बसली म्हणजे ती जुळली असे होत नाही, हे मला त्या एका तासाने शिकवले. त्यात दोन वेगळ्या चुका होत्या आणि त्या वेगवेगळ्या समजून घ्याव्या लागतात.

पहिली चूक सिग्नलच्या पातळीची. माइकमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो आणि रेकॉर्डरचा माइक-इनपुट तेवढाच गृहीत धरून त्याला पुष्कळ वाढवतो. घरगुती उपकरणांच्या लाइन-आउटची नेहमीची पातळी मात्र सुमारे ०.३ व्होल्ट असते, तर इयरफोनचे आउटपुट आवाज पूर्ण वाढवल्यास एक व्होल्टच्या आसपास जाऊ शकते. म्हणजे माइकच्या छिद्रात आपण अपेक्षेच्या शंभरपट सिग्नल ओततो आणि आवाज फाटतो; मग नंतर संगणकावर काहीही केले तरी तो सांधता येत नाही. तुमच्या रेकॉर्डरला लाइन-इन असेल, किंवा मेनूमध्ये माइकऐवजी लाइन निवडण्याची सोय असेल, तर तीच वापरावी. तशी सोय नसेल तर सिग्नल कमी करणारी, म्हणजे आत रेझिस्टर बसवलेली अ‍ॅटेन्युएटर केबल घ्यावी. सोल्डरिंगचा हात असलेल्यांना ती घरीही करता येते: सिग्नलच्या तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर ओळीने जोडावा आणि त्याच्या पुढे, रेकॉर्डरकडच्या बाजूला, सिग्नल व अर्थ (ग्राउंडची तार) यांच्यामध्ये १०० ओहमचा रेझिस्टर टाकावा. सिग्नल जवळजवळ शंभराव्या हिश्शावर, म्हणजे ४० डेसिबलने खाली येतो. स्टिरिओसाठी अशा दोन जोड्या लागतात. अनेक रेकॉर्डर माइकच्या छिद्रातून माइकसाठी काही व्होल्टचा वीजपुरवठा करतात, त्याला प्लग-इन पॉवर म्हणतात. फोन किंवा रेडिओचे आउटपुट तेथे जोडताना मेनूमधून तो बंद करावा.

पिनवरचे काळे पट्टे मोजण्याची सवय लावून घ्यावी. दोन पट्टे असतील तर पिनचे तीन भाग पडतात: टोकाला डावा आवाज, मध्ये उजवा, शेवटी अर्थ. तीन पट्टे असतील तर चार भाग, आणि त्यात माइकही आला. आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये सीटीआयए या मांडणीनुसार डावा, उजवा, अर्थ, माइक असा क्रम असतो. जुन्या ओएमटीपी मांडणीत शेवटचे दोन अदलाबदल केलेले असतात, आणि चुकीच्या मांडणीचा अडॅप्टर लावला की आवाज पोकळ, विहिरीतून आल्यासारखा येतो. माझ्या तीन भागांच्या पिनने मोबाइलच्या माइकचा भाग सरळ अर्थाला टेकवला होता, त्यामुळे फोनने स्वतःचाच माइक चालू ठेवला. मावशीला माझे बोलणे नीट ऐकू गेले, ते याच कारणाने. इयरफोनचे छिद्र नसलेल्या, यूएसबी-सी असलेल्या फोनसाठी कन्व्हर्टर घेताना त्यात डीएसी, म्हणजे डिजिटल सिग्नलचे आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी चिप, आहे का हे विचारून घ्यावे, कारण नुसत्या तारांचे स्वस्त कन्व्हर्टर फक्त काही ठरावीक फोनवरच चालतात.

दुसरी चूक अधिक मूलभूत होती. मोबाइलच्या इयरफोनच्या आउटपुटमध्ये समोरच्याचा आवाज असतो, आपला मात्र नसल्यातच जमा. म्हणून कोणतीही केबल घेण्यापूर्वी, दोन्ही आवाज एकत्र कोठे मिळतात हे शोधावे. मोबाइलसाठी मला सर्वांत निर्धास्त वाटलेला उपाय केबलचा नाहीच: कानात घालायचा छोटा माइक. ऑलिंपसचा टीपी-८ हा त्या जातीतला. तो इयरफोनसारखा कानात बसतो, त्याच्यावरूनच फोन कानाला लावायचा, आणि तो समोरच्याचा व आपला असे दोन्ही आवाज टिपतो. हा खरोखरीचा माइक असल्यामुळे तो रेकॉर्डरच्या माइक-इनपुटलाच लावायचा आणि येथे मात्र प्लग-इन पॉवर चालू ठेवायची. फोन टू-जीवर असेल तर रेकॉर्डरमध्ये अधूनमधून टर्रर्र असा आवाज घुसतो. रेकॉर्डर फोनपासून हातभर दूर ठेवल्यास तो बराच कमी होतो. बोलणे सुरू करण्यापूर्वी समोरच्याची परवानगी घ्यावी आणि ती परवानगीसुद्धा मुद्रणात येऊ द्यावी, हे वेगळे सांगायला नको.

लँडलाइनमध्ये एक सोय आपोआप मिळते. रिसीव्हरमध्ये आपल्यालाच आपला आवाज थोडासा ऐकू येतो, म्हणजे एकाच ठिकाणी दोन्ही आवाज हजर असतात. प्रश्न इतकाच की हात कोठे घालायचा. भिंतीकडून येणाऱ्या तारांना रेकॉर्डर कधीही थेट जोडू नये: फोन ठेवलेला असताना तेथे सुमारे ४८ व्होल्टचा डीसी दाब असतो आणि घंटी वाजताना त्यावर सुमारे ७५ व्होल्टचा एसी दाब चढतो. रेकॉर्डर तर जाईलच, पण हातालाही चांगला झटका बसतो. या बाजूने जोडायचेच असेल तर ६००:६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि डीसी अडवणारा कपॅसिटर असलेला तयार अडॅप्टर घ्यावा. फायबरचे कनेक्शन घेतलेल्या घरात फोन मॉडेमच्या डब्याला लावलेला असला तरी त्या छिद्रातून अशाच प्रकारचा घंटीचा दाब बाहेर पडतो, त्यामुळे तेथेही हाच नियम. माझा कौल रिसीव्हर आणि फोनचा डबा यांच्यामधल्या गुंडाळीच्या वायरवर बसणाऱ्या अडॅप्टरला आहे. तिची पिन भिंतीकडच्या पिनेपेक्षा अरुंद असते, दाब कमी असतो आणि घंटी तेथे पोहोचतच नाही. कॉर्डलेस फोनला ही वायर नसते. तेथे पुन्हा कानातला माइक. रबरी कपाने रिसीव्हरवर चिकटवायची पिकअप कॉइल अजून कोठे कोठे मिळते, पण घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण ती इतक्या आवडीने पकडते की मी ती घेण्याचा सल्ला देणार नाही. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला, की तांब्याच्या लाइनला जोडलेले सगळे काढून ठेवावे.

फोनवर काय मुद्रित करावे यालाही मर्यादा आहे. लँडलाइन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवते. मोबाइलवरची व्हीओएलटीई (फोर-जीवरून होणारे कॉल) त्याहून रुंद असली तरी तीही बोलण्यासाठीच घडवलेली आहे आणि लांबवलेला सूर किंवा घुमट या मातीच्या तालवाद्याचा ठेका तिला गोंगाट वाटू शकतो. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ या काळात, गोवा मुक्तिलढ्यात, सीमेपलीकडच्या रानातून चालवलेले गुप्त रेडिओ केंद्र आपण कसे चोरून ऐकत होतो, अशी एखाद्या वडीलधाऱ्याची आठवण फोनवर उत्तम मिळते. धालोची गाणी मात्र फोनवर घेऊ नयेत. त्यासाठी रेकॉर्डर उचलून पेडण्याची बस धरावी.

रेडिओचे काम त्या मानाने सोपे. रेडिओला लाइन-आउट असेल तर रेकॉर्डरच्या लाइन-इनपर्यंत सरळ केबल पुरते. इयरफोनचेच छिद्र असेल तर आवाज अर्ध्यावर ठेवावा, आणि पिन घातल्यावर स्पीकर बंद होतो म्हणून ऐकण्यासाठी वाय-आकाराचा स्प्लिटर लावावा. जुन्या ट्रान्झिस्टरला बहुधा एकाच वाहिनीचा जॅक असतो. तेथे रेडिओकडे दोन भागांची मोनो आणि रेकॉर्डरकडे तीन भागांची स्टिरिओ पिन असलेली केबल घ्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंना तोच आवाज जातो. याउलट, स्टिरिओ रेडिओत मोनो पिन घालू नये, कारण त्याने उजवी वाहिनी अर्थाला टेकते. स्पीकरच्या तारांवर डाग देऊन सिग्नल काढण्याचा मोह टाळावा: काही सेटमध्ये स्पीकरची कोणतीच तार अर्थाला जोडलेली नसते आणि ती रेकॉर्डरच्या अर्थाला टेकली की अ‍ॅम्प्लिफायर जळतो. आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा सेट असेल तर अधिक जपावे. त्यांतल्या काहींचा पत्रा थेट घरच्या विजेला जोडलेला असतो, त्यामुळे अशा सेटसमोर माइक ठेवूनच मुद्रण करावे.

एक गंमत पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खिशातल्या एफएम रेडिओत इयरफोनची वायरच अँटेनाचे काम करते. ती काढून वीतभर केबल लावली की आकाशवाणी पणजीचे १०५.४ मेगाहर्ट्झवरचे स्पष्ट प्रक्षेपण एकदम खरखरू लागते आणि माणूस केबलला दोष देतो. या लहरीची लांबी तीन मीटरच्या आत असल्यामुळे तिचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर लांबीची केबल घेऊन ती उभी लटकत ठेवल्यास प्रश्न सुटतो. मध्यम लहरीवर, म्हणजे पणजी केंद्राच्या १२८७ किलोहर्ट्झवर, अँटेना सेटच्या आतल्या फेराइट कांडीत असते. तेथे सेटच फिरवून पाहावा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मध्यम लहरीवर भयंकर खरखर करतात, म्हणून कार्यक्रमापुरते ते बंद ठेवावेत. पंख्याशिवाय अर्धा तास बसणे मे महिन्यात कठीण जाते, हे मान्य. रेडिओ आणि रेकॉर्डर दोन्ही बॅटरीवर चालवल्यास अर्थाच्या वेटोळ्यातून (ग्राउंड लूप) येणारी गुणगुणही उरत नाही.

मुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर ठेवावे. मोनोत तासाला सुमारे ३२० एमबी जागा लागते. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावून आधी अर्धा मिनिट मुद्रित करावे, ते रेकॉर्डर थांबवून ऐकावे आणि त्यात दोन्ही माणसे आहेत याची खात्री करून मगच खरा फोन लावावा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात पिनांवर दोन महिन्यांत हिरवा कळंक चढतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि केबली सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. प्रत्येक केबलला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर ‘रेझिस्टर आहे’ किंवा ‘साधी’ असे लिहून ठेवावे, कारण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.